काळ्या वाळूवरील जागरण : आर्ची कार यांच्या 'द विंडवर्ड रोड' या पुस्तकाच्या निमित्ताने

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी आपल्या वडिलांसह आम्हांला भेटावयास आली. प्राणिशास्त्राची पदवी तिने नुकतीच संपादन केलेली. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाच्या एका आडवळणी किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या संशोधन-संरक्षणाचे शिबिर चालते, तेथे काही आठवडे स्वयंसेविका म्हणून जावे, असे तिच्या मनाने घेतले होते. राहण्या-जेवण्याचा खर्च ज्याचा त्याने भरावयाचा आणि वर रात्र रात्र वाळू तुडवावयाची, असा तेथील शिरस्ता. वडिलांचा प्रश्न सरळ होता. "फादर, पदरचे पैसे मोडून परक्या मुलखात हमाली करायला जायचं, हे कसलं शहाणपण?" मुलीने वाद घातला नाही. पिशवीतून एक जुने इंग्रजी पुस्तक काढून तिने आमच्या मेजावर ठेवले आणि म्हणाली, "हे आधी वाचा, फादर. मग काय ते सांगा."

ते पुस्तक म्हणजे आर्ची कार यांचे १९५६ साली प्रसिद्ध झालेले 'द विंडवर्ड रोड'. आम्ही ते दोन बैठकांत वाचले, आणि नंतर महिनाभर ते आमच्या मनातून गेले नाही. एखादे पुस्तक माणसाला घराबाहेर काढू शकते काय, काढले तर त्या माणसाचे पुढे काय होते, आणि अशा पुस्तकाच्या पोटी जन्मलेले लेखन त्याच्या तोलाचे उतरते काय, हे प्रश्न आम्हांला पडले. त्यांचा विचार आमच्या वाचकांसमवेत करावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम लेखकाविषयी. आर्ची कार (१९०९-१९८७) हे अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. १९५२ साली कार यांनी कासवांवर एक जाडजूड शास्त्रीय ग्रंथ सिद्ध केला. परंतु तो लिहिताना समुद्री कासवांविषयी आपणांस, किंबहुना कोणासच, फारसे काही ठाऊक नाही हे त्यांच्या ध्यानी आले. ती अंडी घालण्यापुरती किनाऱ्यावर येतात, मग कोठे जातात? पिलू वाळूतून निघून लाटेत शिरते, पुढे त्याचे काय होते? तीच मादी पुन्हा त्याच किनाऱ्यावर येते काय? या प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात नव्हती. ती शोधण्यासाठी कार कॅरिबियन समुद्राच्या काठाकाठाने हिंडले. पनामा, कोस्टा रिका, त्रिनिदाद, टोबॅगो, केमन बेटे असा तो प्रवास. त्या भटकंतीचा वृत्तान्त म्हणजे हे पुस्तक.

पुस्तकाची बांधणी सैल आहे, हा त्यावर पहिला आक्षेप घेता येईल. कासवांचा माग काढता काढता लेखक मध्येच एखाद्या बेडकाकडे वळतो, एखाद्या गावातील बाजारात रमतो, एखाद्या बोटीची वाट पाहण्यात पाने खर्ची घालतो. शिस्तीच्या वाचकाला हे खटकेल. आम्हांलाही आरंभी खटकले. पुढे मात्र असे जाणवले, की ही सैलता विषयाच्या स्वभावातून आलेली आहे. ज्याला आपण काय शोधतो आहोत हे नेमके ठाऊक नाही, त्याने वाटेत भेटेल त्याच्याशी बोलावे हेच उचित. शोधाला निघालेल्या माणसाचे अज्ञान कार यांनी झाकले नाही, ते पुस्तकाचा कणा केले. केम्प्स रिडले नावाचे कासव अंडी घालावयास कोठे जाते, हे कोडे त्यांनी पुस्तकात मांडले आणि ते तसेच अनुत्तरित ठेवले. उत्तर पुढे १९६१ साली उजेडात आले. मेक्सिकोच्या रांचो न्यूव्हो किनाऱ्यावर १९४७ साली एका हौशी माणसाने टिपलेले चलच्चित्र शास्त्रज्ञांसमोर दाखविण्यात आले, आणि भर दिवसा हजारो रिडले वाळूवर चढताना साऱ्यांनी पाहिली. विद्वानांना जे कोडे होते, ते तेथील किनाऱ्यावरच्या माणसांनी केव्हाच डोळ्यांनी पाहिले होते!

या पुस्तकाचे मर्म आमच्या मते येथेच आहे. कार यांनी कोळ्यांचे ऐकले. केमन बेटांवरील कासव पकडणारे तांडेल त्या काळी निकाराग्वालगतच्या मिस्किटो बेटांजवळ जाळी टाकीत, सापडलेल्या कासवांच्या पोटाच्या कवचावर आपापली आद्याक्षरे डागीत आणि ती जिवंत कासवे फ्लोरिडातील की वेस्टच्या बाजारी नेत. एकदा वादळात तेथील कोंडवाडा फुटला आणि कासवे निसटली. पुढे त्यांपैकी डागलेले कासव पुन्हा मिस्किटो बेटांजवळच, जेथून ते धरले होते तेथेच, जाळ्यात आले. कासवाला आपले घर कळते, असे तांडेल सांगत. प्रयोगशाळेत वावरणाऱ्या पुष्कळांनी असल्या गोष्टीला खलाशांच्या गप्पा म्हणून हसून सोडले असते. कार यांनी तिला पुराव्याचे मोल दिले, आणि ती खरी की खोटी हे तपासण्याची रीत शोधण्यात पुढील आयुष्य वेचले. विद्येपाशी नम्रता असावी, असे आपण सारेच म्हणतो. ती अशी पानोपानी वावरताना क्वचितच वाचावयास मिळते.

कार यांच्या शोधाचे ठाणे म्हणजे कोस्टा रिकाच्या ईशान्य किनाऱ्यावरील तोर्तुगेरो. सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा काळ्या वाळूचा सरळसोट किनारा. एका बाजूस खवळता समुद्र, दुसऱ्या बाजूस कालवे आणि घनदाट जंगल. रस्ता नाही, होडीने जावयाचे. पाऊस आपल्या कोकणासही मागे टाकणारा. येथे हिरवी समुद्री कासवे हजारोंनी अंडी घालावयास येतात. त्या काळी किनारा मैलामैलाने वाटून दिलेला असे, आणि प्रत्येक तुकड्यावर एक माणूस रात्रभर जागत बसे. वर आलेल्या मादीला तो उलथी करी. उलथे झालेले कासव पळू शकत नाही. सकाळी ती कासवे बोटीने बाजारी रवाना होत. या माणसांना स्पॅनिश भाषेत 'वेलादोर' म्हणत, म्हणजे जागरण करणारा. जवळजवळ प्रत्येक मादी अशी उलथली जात असताना या जातीचे पुढे काय होणार, हे सांगावयास ज्योतिषी नको होता.

येथे कार यांच्या लेखनाची एक मर्यादा दाखविणे अगत्याचे आहे. तांडेलांना या पुस्तकात चेहरा आहे, आवाज आहे. वेलादोरांना तितकासा नाही. ते अंधारात येतात आणि अंधारात जातात. त्या माणसाच्या घरी चूल कशावर पेटत होती, किनारा बंद झाल्यावर त्याने काय करावे, या प्रश्नांपाशी लेखकाची लेखणी फार वेळ थांबत नाही. कार आपल्या काळाचे आणि आपल्या देशाचे होते. त्यांच्या विनोदात पाहुण्याची थोडी चढेल गंमत अधूनमधून डोकावते. हिरवे कासव हे गरिबांचे अन्न आहे आणि ते टिकले तर माणसेही जगतील, हा विचार त्यांना होता, हे मान्य करावेच लागेल. तरीसुद्धा, कासवासाठी तळमळणाऱ्या या लेखकाने वेलादोराशेजारी एक रात्र अधिक बसावयास हवे होते, असे आम्हांस वाटते. ही उणीव पुढे कशी भोवली, ते ओघाने येईलच.

पुस्तकाचा परिणाम मात्र विलक्षण झाला. त्याला १९५७ साली निसर्गलेखनासाठी दिले जाणारे जॉन बरोज पदक मिळाले. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी घटना. न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्रव्यवसायात असलेल्या जोशुआ पॉवर्स नावाच्या गृहस्थांनी ते वाचले, वीसेक प्रती विकत घेऊन मित्रांना धाडल्या आणि हिरव्या कासवाचा एक बंधुसंघच स्थापन केला. त्यातून १९५९ साली समुद्री कासवांच्या रक्षणासाठी झटणारी संस्था उभी राहिली. ती आजही तोर्तुगेरोत काम करते. पुस्तक वाचून हळहळणारे पुष्कळ असतात. वीस प्रती घेऊन मित्रांना कामाला लावणारा विरळा.

आता त्या कामाविषयी, कारण स्वयंसेवेचे खरे स्वरूप त्यातच कळते. १९५५ साली कार यांनी तोर्तुगेरोत माद्यांना खुणेचे बिल्ले लावण्यास प्रारंभ केला. प्रथम कवचाच्या कडेला भोक पाडून तारेने चकत्या बांधल्या; समागमाच्या वेळी नराच्या घासण्याने त्या गळून पडल्या. मग गुरांच्या कानाला लावतात तसले धातूचे बिल्ले पुढील वल्ह्यासारख्या पायांना लावले, ते टिकले. बिल्ल्यावर पत्ता आणि बक्षिसाचे आश्वासन असे. दूरदूरच्या कोळ्यांकडून बिल्ले परत येऊ लागले, बहुतेक निकाराग्वाच्या त्याच समुद्रातून. दोन, तीन, चार वर्षांच्या अंतराने तीच मादी त्याच किनाऱ्यावर परतते, हेही सिद्ध झाले. तांडेल खरे बोलत होते!

हे ज्ञान मिळविण्यासाठी काय करावे लागते? रात्री किनाऱ्यावर चालावयाचे, पांढरा उजेड लावावयाचा नाही, बोलणे हळू आवाजात. मादी वाळू उकरू लागली की थांबावयाचे. ती अंडी घालू लागली, की शंभरावर भरणारी ती अंडी एकेक करून मोजावयाची. मग कवचाचे माप घ्यावयाचे, बिल्ला तपासावयाचा किंवा नवा लावावयाचा, वहीत आकडा लिहावयाचा आणि पुढे चालू लागावयाचे. पाऊस असो, डास असोत, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. यात शौर्य नाही, छायाचित्रही नाही, कारण उजेडच नाही. परंतु ही वही सात दशके लिहिली गेली म्हणूनच १९७१ ते २००३ या काळात तोर्तुगेरोतील हिरव्या कासवांच्या घरट्यांत अंदाजे ४१७ टक्के वाढ झाल्याचे २००५ साली सांगता आले. अलीकडच्या वर्षांत तेथे पुन्हा घट दिसू लागली आहे, हेही त्याच वहीमुळे कळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिरव्या कासवाला जगाच्या पातळीवर संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळून कमी चिंतेच्या वर्गात घेण्यात आले. या बातमीमागे देशोदेशींच्या असंख्य निनावी रात्री आहेत.

सद्धेतू आणि सत्कार्य यांतील अंतरही या इतिहासातच दिसते. १९६० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या विमानांतून तोर्तुगेरोची हजारो पिले कॅरिबियनच्या निरनिराळ्या किनाऱ्यांवर नेऊन सोडण्यात आली. जेथून कासवे नाहीशी झाली तेथे ती पुन्हा नांदावीत, हा हेतू. योजना भव्य होती, वृत्तपत्रांना आवडेल अशी होती. परंतु तिच्यामुळे एखाद्या किनाऱ्यावर नवी वसाहत उभी राहिल्याचे सिद्ध झाले नाही. विमानाने जे साधले नाही, ते वहीने आणि पायांनी साधले. आमच्या धर्मग्रामांतील कित्येक समारंभी उपक्रमांची आम्हांला येथे आठवण झाली, हे प्रांजळपणे सांगतो.

एवढ्या मोठ्या परंपरेतून पुढे जे लेखन निपजले, त्याकडे आता वळू. मुलीने पुस्तकासमवेत स्वयंसेवकांच्या अनुभवकथनांचे एक बाडही आम्हांस वाचावयास दिले होते. ही कथने निरनिराळ्या देशांच्या तरुण-तरुणींची. पण वाचताना एकाच हाताची वाटावीत. आरंभी शहरी जीवनाचा कंटाळा, मग होडीचा प्रवास, मग किडे आणि भात-घेवड्याचे जेवण, मग पहिल्या कासवाचे दर्शन आणि डोळ्यांत पाणी, शेवटी 'मी बदलून गेलो' असा निर्वाळा. भावना खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. काळोखात शंभर-सव्वाशे किलोचा तो जीव कष्टाने वाळू उपसताना पाहून कोणाचे मन हेलावणार नाही? तक्रार एवढीच, की या कथनांत कासव हे लेखकाच्या डोळ्यांतील अश्रूंना निमित्त होऊन उरते. स्वयंपाक करणाऱ्या बाईचे नाव नाही. होडी वल्हविणारा नुसता 'स्थानिक माणूस'. गस्तीत पुढे चालणारा, वाळूवरची चाकोरी अंधारात ओळखणारा जो वाटाड्या, तो कोणाचा मुलगा, त्याचा आजा वेलादोर होता काय, हे कोणी विचारलेले नाही. कार यांच्या लेखनातील लहानशी उणीव त्यांच्या वारसांनी मोठी केली, आणि त्यांचा मोठा गुण, ऐकण्याचा, तेवढा गमावला.

या उणिवेची किंमत केवळ वाङ्मयीन नाही. ३१ मे २०१३ च्या पहाटे कोस्टा रिकाच्याच लिमोन प्रांतातील मोइन किनाऱ्यावर हाइरो मोरा सांदोवाल या २६ वर्षांच्या तरुणाची हत्या झाली. तो लेदरबॅक कासवांची घरटी राखीत असे. त्या रात्री त्याच्यासमवेत चार परदेशी स्वयंसेविका होत्या. सर्वांना पळवून नेण्यात आले; त्या चौघी सुटल्या, तो सुटला नाही. पहिल्या खटल्यात आरोपी निर्दोष ठरले. फेरखटल्यात २०१६ साली चौघांना शिक्षा झाली. पाहुणे घरी परततात. किनारा राखणारा किनाऱ्यावरच राहतो, आणि अंडी चोरणाऱ्यांशी त्याची रोजची गाठ असते. ज्या लेखनात हा माणूस दिसत नाही, ते लेखन कितीही भावपूर्ण असले तरी अपुरेच होय.

असे लिहिताना आम्ही स्वतःसही वगळू इच्छीत नाही. आदिवासी पाड्यांवर सेवेसाठी जाऊन आल्यावर आम्हीही तरुणपणी लेख लिहिले आहेत. मध्यंतरी ते काढून पाहिले. पाऊस होता, डोंगर होता, आमचे भारावलेले मन होते. ज्या घरी आम्ही आठ दिवस जेवलो, त्या घरच्या बाईचे नाव त्यात नव्हते, आणि आज ते आम्हांस आठवतही नाही. ही खंत आम्हांस कार यांच्या पुस्तकाने दिली. चांगल्या पुस्तकाचे हे एक लक्षण मानावे. ते दुसऱ्याचे दोष दाखविता दाखविता आपली वही उघडावयास लावते.

मग मुलीला आम्ही काय सांगितले? आठवडाभराने ती पुन्हा आली, तेव्हा वडिलांबरोबर तिचे आजोबाही होते. वय ऐंशीच्या पुढे, सारी हयात समुद्रावर गेलेली. आम्ही केमनच्या तांडेलांची, डागलेल्या कासवाची कथा त्यांना सांगितली. म्हातारबाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्यात नवल काय, फादर? आमच्या जाळ्यात कासव आलं, तर जाळं फाटलं तरी चालेल, पण आम्ही सोडून देत असू. कुठल्या महिन्यात, कुठल्या पाण्यात ती येत, ते मला पाठ आहे. पण कोणी विचारलंच नाही कधी." मुलगी खाली पाहू लागली. अर्ध्या जगापलीकडच्या किनाऱ्याची माहिती तिने महिनोन्महिने गोळा केली होती. घरातला तांडेल मात्र तिला ठाऊक नव्हता.

आम्ही तिला 'जाऊ नकोस' असे म्हटले नाही. विद्येसाठी दूर जाणे गैर नव्हे, आणि शिबिराला भरलेला पैसा वाया जातो असेही नाही. त्या पैशावर वही चालते, काही घरांच्या चुलीही चालतात. वडिलांना आम्ही एवढेच म्हटले, की हमाली हलकी नसते, ती मनापासून करणारे मिळत नाहीत ही खरी अडचण आहे. मुलीला मात्र तीन गोष्टी सांगितल्या. जाण्याआधी आजोबांजवळ बसून त्यांना जे जे आठवते ते तारीख-महिन्यासह लिहून काढ. आपल्याच महाराष्ट्रात, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला २००२ सालापासून गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात, तेथे एक हंगाम काढ. २०२१ साली ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना सापडली. म्हणजे कार यांची वही आपल्या दाराशीही उघडलेली आहे. आणि तोर्तुगेरोस जाऊन आलीस, तर जो लेख लिहिशील त्यात पहिले नाव वाटाड्याचे असू दे, दुसरे स्वयंपाक करणाऱ्या बाईचे. तुझ्या डोळ्यांतील पाणी शेवटी आले तरी चालेल.

'द विंडवर्ड रोड' हे निर्दोष पुस्तक नव्हे. ते सैल आहे, काही ठिकाणी जुने झाले आहे, आणि ज्याच्या जागरणावर सारा किनारा उभा होता त्या माणसापाशी ते पुरेसे थांबत नाही. तरीही ज्या घरांत तरुण मुले आहेत त्या घरांनी ते अवश्य वाचावे, अशी आमची शिफारस आहे. मुलगी अद्याप गेलेली नाही. गेल्या रविवारी मिस्सानंतर तिने आम्हांला एक वही दाखविली. पहिल्या पानावर तिने आजोबांचे पूर्ण नाव लिहिले आहे, आणि त्याखाली, त्यांच्याच बोलीत, जाळ्यात सापडलेल्या पहिल्या कासवाची हकिगत.